परभणीचा अपघातग्रस्त आणि भरपाईचा दावा

रस्ते अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीला मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 166 नुसार भरपाई मागता येते, आणि ही मागणी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, म्हणजे केवळ अशा दाव्यांसाठी स्थापलेल्या न्यायपीठापुढे, करावी लागते. गंगाखेड, पालम या भागांतून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या मजुराच्या दृष्टीने यातील सर्वांत मोलाची तरतूद अशी, की अपघात कोल्हापूर वा सांगलीकडे झाला असला तरी अर्जदार जेथे राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे परभणीतच, दावा दाखल करता येतो; खेदाची बाब ही, की ज्यांना तिची गरज अधिक, त्यांच्यापर्यंतच ती क्वचित पोहोचते. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातली असल्याने प्रथम खबर, पंचनामा, उपचारांची बिले आणि मिळकतीचा पुरावा सुरुवातीपासूनच जपणे आवश्यक ठरते.

वकिलाचा खर्च न झेपणाऱ्यांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे; 1987 च्या कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना तेथे मोफत वकील मिळू शकतो. लोकअदालतीत तडजोड झाल्यास तिच्याविरुद्ध अपील करता येत नाही, म्हणून घाईने सही करू नये. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर गंभीर जखमीस 50,000 आणि मृताच्या वारसांस 2 लाख रुपये देणारी स्वतंत्र सरकारी योजना आहे.