नियम लिहिला, पण तपासला कोणी?

दिवाळी सरली की वणीच्या जिनिंगांसमोर कापसाच्या गाड्या लागतात. सीसीआयचा, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचा, ग्रेडर कापसात यंत्र खुपसून ओलावा पाहतो. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, 8 ते 12 मध्ये प्रत्येक जादा टक्क्यामागे भावात एक टक्का कपात, 12 च्या वर खरेदी नाही. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8,110 रुपये हमीभाव होता. ओलावा 11 निघाला की 243 रुपये 30 पैसे गेलेच. हा हिशेब गाडीवानालाही तोंडपाठ असतो. त्याच हंगामात ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आणि स्लॉट सुरू झाले आणि गाडी जिनिंगला लागण्याआधीच काही नियम मोबाइलमध्ये जाऊन बसले.

आता यंत्राला नियम सांगायचा कसा? सॉफ्टवेअर बांधणारे आधी आकृती काढतात. शेतकरी ही एक चौकट, सातबारा दुसरी, स्लॉट तिसरी. मध्ये रेघा, रेघांवर आकडे. या आकृत्यांची यूएमएल ही पद्धत 1997 मध्ये प्रमाण ठरली. ‘एका सातबाऱ्यावर एक किंवा अनेक खातेदार’ हे तिच्यात सहज दाखवता येतं. पण ‘एका सातबाऱ्यावरच्या सगळ्या खातेदारांनी सगळ्या केंद्रांवर मिळून विकलेला कापूस ठरलेल्या एकरी मर्यादेपुढे जाऊ नये’ हे कोणत्या रेघेत दाखवणार? (उदाहरण माझं आहे. सीसीआयची प्रणाली आतून कशी बांधली आहे, याविषयी हे विधान नाही.) हे वाक्य आकृतीशेजारी साध्या मराठीत लिहून ठेवलं, तर एक प्रोग्रामर प्रत्येक स्लॉट सुटा तपासेल, दुसरा प्रत्येक शेतकरी सुटा तपासेल. सामाईक सातबाऱ्यावरचे दोन भाऊ दोन केंद्रांवर गेले, तर दोघंही मर्यादेत आणि बेरीज मर्यादेबाहेर. कोणी लबाडी केलेली नसते. वाक्यच ढिलं असतं.

असं वाक्य घट्ट बांधायला ओसीएल ही भाषा आहे. ‘ऑब्जेक्ट कन्स्ट्रेंट लँग्वेज’ हे तिचं पूर्ण नाव. तिचा जन्म आयबीएमच्या विमा विभागात झाला आणि तिच्यामागे योस वार्मर यांचं काम होतं. गणिती चिन्हांच्या नेमक्या भाषा त्याआधीही होत्या, पण त्या गणित शिकलेल्यांनाच कळत. कचेरीत बसून मॉडेल करणाऱ्यालाही वाचता येईल, अशी भाषा हवी होती. तिची एक शिस्त मला फार आवडते: ओसीएलचं वाक्य फक्त तपासतं, काहीही बदलत नाही. नियम मोडला असं ते सांगेल. आकडा परस्पर दुरुस्त करणार नाही.

भाषा कागदावर आली, पण ती चालवून पाहणारी साधनं विद्यापीठांनी बनवली, आणि तीही बरीचशी विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून. जर्मनीत ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात ओसीएलचा कंपायलर तयार झाला. ब्रेमेन विद्यापीठात मार्टिन गोगोला यांच्या गटाने ‘यूझ’ हे साधन उभं केलं. त्यातला पाया मार्क रिश्टर्स यांच्या डॉक्टरेटचा. रुमानियातल्या क्लूज शहरात दान किओरेआन यांच्या गटाने तिसरं साधन केलं. पुढे ‘यूझ’ला अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये घडलेलं ‘कोडकोड’ हे शोधयंत्र जोडलं गेलं. त्यामुळे मॉडेल आणि नियम दिले की ‘यूझ’ स्वतःच उदाहरणं रचू लागलं. वरचा सामाईक सातबारा त्याच्या हाती दिला, तर दोन भाऊ आणि दोन केंद्रं हा फटीतून निसटणारा प्रसंग ते आधीच समोर मांडू शकतं.

प्रमाण ठरवणारी समिती आणि ही विद्यापीठं यांच्यातला सगळ्यात झणझणीत प्रसंग 2004 चा. यूएमएलची दुसरी आवृत्ती आली होती, आणि त्या प्रमाणग्रंथातले नियम खुद्द ओसीएलमध्ये लिहिलेले होते. ब्रेमेनच्या गटाने ते ‘यूझ’मधून काढले आणि चुकांचा ढीग निघाला, अगदी व्याकरणाच्यासुद्धा. ही कैफियत त्यांनी लिस्बनच्या परिषदेत मांडली. जगाला नियम नेमके लिहायला सांगणाऱ्या ग्रंथाचेच नियम कोणी यंत्रावर चालवून पाहिले नव्हते! समितीत बसणाऱ्यांना यात लाज वाटायचं कारण नाही. नुसत्या वाचनाने असे दोष दिसत नाहीत, चालवून पाहिल्यावरच दिसतात. आणि चालवून पाहायला सवड आणि चिकाटी असलेला कोणी तरी लागतो. ती बहुधा पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे असते.

काही भांडणं मात्र साधनांनीही मिटली नाहीत. ओलावा 12 च्या आत आहे का? गाडी अजून रांगेत आहे, मोजणीच झालेली नाही. उत्तर ‘नाही’ धरलं तर गाडी न मोजताच परत जाईल, ‘हो’ धरलं तर न मोजताच आत येईल. ओसीएलने खरं आणि खोटं याशिवाय ‘मूल्य नाही’ आणि ‘हिशेबच चुकला’ अशी आणखी दोन उत्तरं मानली आणि चार उत्तरांचं तर्कशास्त्र गळ्यात बांधून घेतलं. आखिम ब्रुकर आणि बुर्कहार्ट वोल्फ यांनी ते सिद्धता तपासणाऱ्या यंत्रात उतरवून त्यातल्या गाठी दाखवल्या. 2013 मध्ये आखेनला वेगवेगळ्या साधनांचे कर्ते एकत्र बसले, तेव्हाही हा विषय टेबलावर होताच.

या गोष्टीत महाराष्ट्र आहे तो पुण्याच्या हडपसरमध्ये. फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने 1981 मध्ये टाटांची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था पुण्यात सुरू झाली. तिथे विनय कुलकर्णी, श्रीधर रेड्डी आणि सहकाऱ्यांनी ‘मास्टरक्राफ्ट’ घडवलं: व्यवहाराचं मॉडेल एकदा लिहायचं आणि त्यातून वेगवेगळ्या तंत्रज्ञानांसाठी कोड यंत्रानेच काढायचा. बँकांचे नियम वर्षानुवर्षं टिकतात, खालची यंत्रणा मात्र दर काही वर्षांनी बदलते. त्यामुळे हे काम चैनीचं नव्हतं, धंद्याच्या गरजेचं होतं. एका मॉडेलचं दुसऱ्यात रूपांतर कसं लिहायचं, याचं जागतिक प्रमाण ठरवण्यासाठी 2002 मध्ये प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा टाटांच्याच टीसीएसने लंडनचं किंग्ज कॉलेज आणि यॉर्क विद्यापीठ यांच्या साथीने प्रस्ताव दिला. काही वर्षांची घासाघीस आणि प्रतिस्पर्धी प्रस्तावांशी जुळवणी होऊन 2008 मध्ये ‘क्यूव्हीटी’ या प्रमाणाची पहिली आवृत्ती आली. तिच्या पोटात ओसीएल आहे.

किंग्ज कॉलेजचे टोनी क्लार्क त्याच सुमारास वार्मर यांच्यासोबत ओसीएलवरच्या लेखसंग्रहाचे संपादकही होते. पुण्याशी त्यांचं नातं त्या प्रमाणासोबत संपलं नाही. ते विद्यापीठं बदलत गेले आणि काम सुरू राहिलं. कुलकर्णी, रेड्डी, क्लार्क आणि बलबीर बार्न यांचं बदलत्या उद्योगसंस्थांच्या मॉडेलांवरचं पुस्तक 2020 मध्ये निघालं. इकडे आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना यूएमएल शिकवतात, आणि बरीच पोरं ती आकृती प्रोजेक्ट पूर्ण झाल्यावर, रिपोर्ट बांधायला देण्याच्या आदल्या रात्री काढतात. ‘यूझ’ फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. ठोक्याने वावर करणाऱ्याचा कापूस कोणाच्या सातबाऱ्यावर धरायचा, एवढा एक नियम कोणी त्यात घालून पाहिला, तरी प्रोजेक्टला विषय पुरून उरेल.