ताजमधली चादर आणि ट्रम्पेट

महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री सांगलीहून निघालं की सकाळी सीएसएमटी. तिथून अपोलो बंदरावरचं ताज टॅक्सीने जवळच. खोली जुन्या इमारतीतच हवी, हा माझा हट्ट. 16 डिसेंबर 1903 ला सुरू झालेल्या या हॉटेलचा मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. घुमटाखालचा जिना मी मुद्दाम सावकाश चढलो. लिफ्ट असली तरी इथे जिन्यानेच जावं.

दुसऱ्या दिवशी खोली आवरायला एक तरुण आला.

"साहेब, नंतर येऊ का?"

"कर की तू, मी बसतो खुर्चीत."

बोलण्यावरून त्याने ओळखलं. "सांगलीचे का तुम्ही? मी कोरेगावचा."

बोलता बोलता त्याने वापरलेली चादर गुंडाळून काढली. नवी एका झटक्यात पसरली, इस्त्रीची मधली घडी गादीच्या बरोबर मधोमध आणली. मग कोपरा. पायथ्याची कड आत खोचली, बाजूची लोंबती चादर उचलून गादीवर तिरकी टाकली, खाली उरलेला भाग आत सारला, वरचा सोडला, तोही खोचला. तिरपी घडी चाकूच्या पात्यासारखी बसली. खोचताना तळवा पालथा, बोटं जुळलेली. म्हणून चुणी पडत नाही.

अशा वास्तूंच्या गोष्टींत राजे-महाराजे असतात, राबणारे हात गळून जातात. इथल्या वादकांचंही तेच झालं, याची मला खंत आहे. 1935 मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णी अमेरिकी व्हायोलिनवादक आपला जॅझ बँड घेऊन ताजमध्ये आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड. त्यांच्या साथीने गोव्याचे वादक तयार झाले. चर्चच्या शाळेत ते लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकलेले. हळदोण्याचा ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, याला तर भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

पुढे मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या आणि यांतल्या कितीतरी जणांचं पोट सिनेमाच्या रेकॉर्डिंगवर चालू लागलं. 1951 च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांचा सहायक चिकच होता. त्या सिनेमातली गाणी आमच्याकडच्या वरातींत बँडवाले अजून वाजवतात, आणि ट्रम्पेटवाला सगळ्यांत पुढे असतो.