वर्ग गप्प का बसतो?

"मुलं बोलतच नाहीत हो!" शिक्षकांची ही तक्रार खरी असते. त्यामागची समजूत मात्र तपासायला हवी.

गैरसमज : ज्याला येतं त्याचा हात वर जातोच.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारून झाला की शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर दुसऱ्याला उठवत किंवा स्वतःच सांगून टाकत. थांबणं ३ सेकंदांवर नेलं, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं आणि 'कच्ची' ठरवलेली मुलंही बोलू लागली.

आता मेळघाटातलं, घरी कोरकू बोलणारं मूल डोळ्यांसमोर आणा. ते प्रश्न मराठीत ऐकतं, विचार कोरकूत करतं आणि उत्तरासाठी पुन्हा मराठी शब्द शोधतं. त्याला ३ सेकंदही अपुरेच. तरी 'बुजरा आहे' हा शिक्का आपण किती पटकन मारतो! त्याला पहिलं उत्तर कोरकूतच देऊ द्यावं, असं मला ठामपणे वाटतं.

गैरसमज : साठ मुलांच्या वर्गात हे जमत नाही.

वस्तुस्थिती : आधी एकट्याने विचार, मग बाकावरच्या शेजाऱ्याशी बोलणं, शेवटी वर्गासमोर मांडणं. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीला साहित्य लागत नाही. एका मिनिटात तीस जोड्या बोलतात. गलका होतो, तो होऊ द्यावा.

गैरसमज : पोर्शन मागे पडतो.

वस्तुस्थिती : फळ्यावर शिकवून झालेला धडा मुलांना आला असेलच असं नाही. महाविद्यालयीन विज्ञान, गणित व अभियांत्रिकीच्या २२५ अभ्यासांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के विद्यार्थी नापास होत, सहभागाच्या वर्गांत सुमारे २२ टक्के. हार्वर्डमधल्या २०१९ च्या अभ्यासात तर सहभागी विद्यार्थी जास्त शिकले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटलं. ओघवतं व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, ते असं.

गैरसमज : हे हौशी शिक्षकांचे प्रयोग आहेत.

वस्तुस्थिती : मुलाला भीतीशिवाय, मोकळेपणाने मत मांडता यावं, हे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्येच लिहिलेलं आहे.

उद्याच्या पहिल्या तासाला एवढं करून पाहा: प्रश्न विचारा, मनात सावकाश तीनपर्यंत मोजा आणि मगच कुणाचं तरी नाव घ्या. नाव आधी घेतलंत, तर बाकीची मुलं विचार करायचं सोडून देतात.