गृहकर्जाच्या फायलीतला मधला करार

बँकेच्या गृहकर्ज विभागात मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. पगारपत्रकं, फॉर्म १६, सहा महिन्यांचा खातेउतारा लोक नीट आणतात. अडतं ते घराच्या कागदांवर, आणि जुना फ्लॅट असेल तर फारच.

समजा, नाशिकमधला १९९५ सालचा फ्लॅट तीनदा विकला गेला आहे. बँकेच्या वकिलाला बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचा प्रत्येक नोंदणीकृत करार बघायचा असतो. मधला एक नसेल तर मालकीची साखळी तुटते, सर्च रिपोर्ट पुरा होत नाही आणि मंजुरी थांबते. दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढता येते, पण त्यात दिवस जातात. तोवर विसार देऊन झालेला असतो, विक्रेत्यानं मुदत घातलेली असते. त्या माणसांची घालमेल मी पाहिली आहे, म्हणून सांगते, विसार देण्याआधी सगळे करार मागा.

चालू असलेलं प्रत्येक कर्ज अर्जात लिहा. क्रेडिट अहवालात ते दिसतंच.

स्वतःच्या पैशाचा पुरावाही हवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत ८० आणि त्यापुढे ७५ टक्के मिळू शकतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च सहसा या किमतीत धरत नाहीत. उरलेली रक्कम मुदतठेवीत असेल तर तिची पावती, वडील देणार असतील तर त्यांच्या खात्याचा उतारा अर्जासोबतच जोडा.