न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि नागरिकाचा जाणण्याचा हक्क

भ्रष्टाचारविरोधी कायदा म्हटले की आपल्यासमोर लाचखोराला होणारी शिक्षा उभी राहते. १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा तेच कार्य करतो. परंतु अपराध घडून गेल्यावर. तो घडण्यापूर्वीच सरकारी कागद नागरिकाला दिसला पाहिजे, ही या कायद्याची दुसरी बाजू होय. न्यायमूर्ती पी. बी. सावंत (१९३०–२०२१) यांचे कार्य या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

१९८९ ते १९९५ या काळात ते सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, हा १९९५ चा निर्णय देणाऱ्या पीठात ते होते. पुढे भारतीय पत्रकार परिषदेचे अध्यक्ष असताना, १९९६ मध्ये, परिषदेने माहितीच्या अधिकाराच्या विधेयकाचा मसुदा सिद्ध केला. जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येऊ नये, हे त्यातील मर्म. प्रतिनिधी ज्याच्या वतीने प्रश्न विचारतो, त्या मतदात्याचा हक्क प्रतिनिधीहून उणा कसा असेल?

२००३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या चौकशी आयोगाचे कामही त्यांनी पाहिले. मंत्र्यांवरील आरोपांबरोबरच, आरोप करणाऱ्या अण्णा हजारे यांच्या संस्थांचे व्यवहारही या आयोगाने तपासले. आरोप करणाराही हिशेबातून सुटत नाही, ही समदृष्टी लक्षणीय आहे.

त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी भ्रष्टाचारविरोधी करार स्वीकारला. प्रशासनाची पारदर्शकता व समाजाचा सहभाग यांना त्यात स्वतंत्र कलमे आहेत. भारताने त्याला २०११ मध्ये अनुसमर्थन दिले. तत्पूर्वीच, २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात संसद व नागरिक यांना समान लेखणारे ते तत्त्व परंतुकाच्या रूपाने कलम ८ मध्ये आले होते. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मात्र ते परंतुक वगळले आणि वैयक्तिक माहितीचा अपवाद व्यापक केला. खासगीपणाचे रक्षण आवश्यकच. परंतु त्याच्या आडोशाने सार्वजनिक व्यवहार झाकला जाऊ नये.

आपल्या बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात भूमिगत प्रवाहावर जागोजागी कुंड्या ठेवल्या आहेत. त्यांतून हवा व प्रकाश आत जातो, आणि माणूस उतरून गाळही काढू शकतो. शासनव्यवहारालाही अशाच कुंड्या लागतात. त्या उघड्या ठेवण्याचे काम केवळ न्यायाधीशांचे नव्हे. या शाळेत लिहावाचायला शिकलेल्या प्रत्येकाचे आहे.