भातखाचराच्या चिखलातील सूत्रकृमी

पेठ तालुक्यात पावसाचा जोर वाढला की भातखाचरांत पाणी साठते व चिखलणी होऊन आवणीस प्रारंभ होतो. हा चिखल चिमूटभर घेऊन काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात ढवळावा व उजेडात धरावा. केसाहून बारीक, पांढुरके जीव त्यात कधी कधी वळवळताना दिसतात. ते पाहून कोणास नारूची आठवण होते, तर कोणी पिकावरील कीड समजून खाचरात विषारी औषध टाकावयास निघतो. नारूचे भय आता निराधार आहे. त्याचा भारतातील शेवटचा रोगी १९९६ साली आढळला व २००० साली देश नारूमुक्त ठरला. औषधाची घाई मात्र अजून होते.

गोड्या पाण्याच्या तळाशी राहणाऱ्या या जीवांपैकी डोरिलायमस स्टॅग्नॅलिस ही जात जगाच्या अनेक भागांत आढळते. दुजार्दें या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४५ साली तिचे वर्णन केले. लांबी काही मिलिमीटर. शरीर गोल, दोन्ही टोकांकडे निमुळते व पारदर्शक. त्यास हृदय नाही, कल्ले नाहीत. प्राणवायू त्वचेतूनच आत जातो. स्नायू केवळ लांबीच्या दिशेने असल्यामुळे हा कृमी गांडुळासारखा आखडत नाही, नागमोडी वळतो. आखडणारे तांबडे धागे दिसल्यास ते सूत्रकृमी नव्हेत. मादीची शेपटी लांब व दोऱ्यासारखी, नराची आखूड व बोथट असते. मुखात बोरूच्या टोकाप्रमाणे तिरपा कापलेला पोकळ दात असतो. तो शेवाळात किंवा लहान जीवांत खुपसून हा कृमी आतील रस शोषतो. चिखलातील दुसरे कित्येक सूत्रकृमी जिवाणू खातात व त्यांतील नत्र पिकास मोकळे करून देतात.

भाताचा खरा शत्रू हर्शमॅनिएला ओरायझी हा होय. तोही पाण्यात तग धरतो, परंतु मुळांच्या आत शिरून राहतो. त्यामुळे मुळे तपकिरी पडतात, रोप खुरटते, फुटवे कमी येतात. नुसती पाने पिवळी पडणे ही खूण पुरेशी नाही, कारण नत्राच्या कमतरतेनेही तसे होते. म्हणून चिखल न पाहता मुळे पाहावीत.

उताराच्या खाचरांतील पाणी बांधावरून खाली उतरत ओहोळास मिळते. वर टाकलेले विष खालच्या मासे-खेकड्यांपर्यंत पोहोचते. तेव्हा औषधापूर्वी काही खुरटी रोपे मुळांभोवतीच्या मातीसह उपटून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावीत, उन्हात ठेवू नयेत, व ग्रामसेवकांनी ती कृषी विज्ञान केंद्राकडे तपासणीस पाठवावीत.