खिशातील टिपणवही : यंत्र कसे निवडावे व जोडीला काय घ्यावे

लोकांच्या वर्गणीवर आणि श्रमावर चालणाऱ्या कोणत्याही न्यासाचे खरे भांडवल दोन गोष्टींत असते : लोकांचा विश्वास आणि बिनचूक नोंदी. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, रक्तदात्यांचे रक्तगट, देणगीदारांची नावे, बैठकीचा दिवस हे सारे पूर्वी चिटणिसांच्या वहीत असे. हल्ली ते कार्यकर्त्यांच्या खिशातील मोबाइलमध्ये असते. मोबाइल हरवला की यादी जाते, आणि यादी गेली म्हणजे एखाद्या गरजू मुलाचा अर्ज मुदतीत जात नाही व त्याचे वर्ष वाया जाते. म्हणून टिपणवही या दृष्टीने यंत्र कसे पारखावे आणि त्याला कोणती जोड साधने घ्यावीत, याचा विचार या महोत्सवी अंकात सभासदांपुढे मांडत आहे.

खिशातील विजेची टिपणवही ही कल्पना मोबाइलच्या आधीची आहे. इंग्लंडमधील सायन कंपनीने १९८४ साली असे यंत्र काढले होते. १९९६ साली अमेरिकेत ‘पायलट’ नावाचे यंत्र निघाले व पुढे ते ‘पाम’ या नावाने जगभर गाजले. पत्ते, दिनदर्शिका, कामांची यादी आणि टिपणे एवढेच त्याचे काम. ते दोन लहान सेलांवर चाले आणि सेल पूर्ण संपले की आतील नोंदी पुसल्या जात. यासाठी त्याच्याबरोबर एक बैठक मिळत असे. यंत्र तीत ठेवून बटण दाबले की सर्व नोंदींची नक्कल टेबलावरील संगणकात उतरे. म्हणजे ज्यांनी यंत्र बनविले त्यांनीही यंत्रावर विसंबू नका, नक्कल ठेवा, हाच धडा दिला होता.

या इतिहासातील एक प्रकरण आपल्या कर्नाटकाचे आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक स्वामी मनोहर, विजय चंद्रू, व्ही. विनय, रमेश हरिहरन आणि त्यांचे काही अभियंते सहकारी यांनी १९९९ साली ‘सिम्प्युटर ट्रस्ट’ हा न्यास स्थापन केला. खेड्यातील माणसाला परवडेल, त्याच्या भाषेत चालेल आणि अक्षरओळख नसलेल्यालाही मजकूर वाचून दाखवील असा हातातला संगणक त्यांना घडवायचा होता. त्यांची सर्वांत मोलाची सूचना एका जोड साधनाची होती. यंत्रात एक स्मार्ट कार्ड बसत असे. गावाने एकच यंत्र घ्यावे, प्रत्येकाने आपले स्वतंत्र कार्ड ठेवावे आणि आपल्या पाळीला ते बसवून काम करावे. यंत्र सर्वांचे, पण नोंद ज्याची त्याची, असा तो विचार होता.

२००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने ‘अमिडा सिम्प्युटर’ बाजारात आणला. ‘भूमी’ या कर्नाटक शासनाच्या जमीन-नोंदींच्या योजनेतही सिम्प्युटरचा उपयोग करून पाहण्यात आला. परंतु सर्वांत स्वस्त नगाची किंमतही दहा हजार रुपयांच्या आसपास होती, आणि त्याच सुमारास मोबाइल फोन झपाट्याने स्वस्त होत चालले होते. अपेक्षेइतकी विक्री झाली नाही व यंत्र मागे पडले. पामची यंत्रेही कालांतराने मागे पडली. यावरून एकच गोष्ट ध्यानात घ्यावयाची : यंत्रे येतील आणि जातील, नोंद त्यांच्याहून अधिक काळ टिकली पाहिजे. निवड करताना ही कसोटी पहिली.

आज टिपणवही म्हणून वेगळे यंत्र घेण्याची गरज राहिलेली नाही, साधारण किमतीचा मोबाइल पुरेसा आहे. मात्र दुकानात गेल्यावर कॅमेऱ्याची चौकशी करण्याआधी पुढील चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट लिपीची. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांत घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि मदरशात उर्दू असा आपला व्यवहार आहे. दुकानातच तिन्ही लिप्यांत एकेक ओळ लिहून ती सोबतीच्या मोबाइलवर पाठवून पाहावी. तेथे ती जशीच्या तशी दिसली तर यंत्र कामाचे. जुन्या संगणकांवर निरनिराळ्या फाँटांत टंकलेला मजकूर दुसरीकडे निरर्थक चिन्हांसारखा दिसतो, कारण त्या प्रत्येक फाँटाची सांकेतिक मांडणी वेगळी होती. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक लिपीतील अक्षराला कायमचा क्रमांक आहे. म्हणून न्यासाचे सर्व लिखाण युनिकोडमध्येच असावे. आणखी एक सावधगिरी अशी की, देवनागरीत लिहिलेले ‘शेख’ हे नाव कन्नडमध्ये शोधल्यास बहुधा सापडत नाही. यादीसाठी एकच लिपी ठरवावी आणि नाव शाळेच्या दाखल्यावर आहे तसेच लिहावे.

दुसरी गोष्ट नोंदी बाहेर काढण्याची. पत्त्यांची आणि तारखांची यादी फाइल करून दुसऱ्या यंत्रात नेता येते की नाही, हे विचारून घ्यावे. ज्या ॲपमध्ये नोंद भरता येते पण बाहेर काढता येत नाही, ते ॲप फुकट मिळाले तरी घेऊ नये.

तिसरी गोष्ट दिनदर्शिकेची. ख्वाजा बंदे नवाज यांचा कलबुर्गीचा उरूस जिल्काद महिन्याच्या मध्यात भरतो, आणि बसव जयंती अक्षय्य तृतीयेला येते. यांपैकी एकाही दिवसाची इंग्रजी तारीख कायम नसते. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे ‘दरवर्षी याच तारखेस’ अशी आठवण लावली तर ती चुकीच्या दिवशी वाजेल. मोबाइलमध्ये हिजरी तारखा दाखविण्याची सोय असते, पण त्या गणिताने काढलेल्या असतात. प्रत्यक्ष चंद्रदर्शनाने एका दिवसाचा फरक पडू शकतो. सबब अशा दिवसांची नोंद दरवर्षी नव्याने करावी.

चौथी गोष्ट सुरक्षिततेची. कंपनी या यंत्राला सुरक्षेच्या सुधारणा कोणत्या सालापर्यंत देणार, हे विचारावे. पडद्याला कुलूप लावणे अगत्याचे आहे, कारण त्यात लोकांची खाजगी माहिती असते. फोनवर स्टार-हॅश-०६-हॅश दाबले की यंत्राचा १५ आकडी क्रमांक दिसतो. तो न्यासाच्या वहीत लिहून ठेवावा. मोबाइल चोरीस गेल्यास पोलिसांत तक्रार करून केंद्र शासनाच्या ‘संचार साथी’ या सेवेतून तो बंद करविता येतो. तेव्हा हा क्रमांक लागतो.

आता जोड साधने. प्रथम कव्हर आणि काच, कारण थोड्या पैशांत मोठे नुकसान टळते. दुसरी पॉवर बँक. तिच्यावर १०,००० एमएएच लिहिलेले असले तरी विजेचा दाब बदलताना व उष्णतेत काही भाग खर्ची पडतो आणि हाती सुमारे ६,००० ते ६,५०० एवढेच येते. म्हणजे ५,००० चा मोबाइल सव्वा वेळा भरेल, दोनदा नव्हे. आपल्याकडच्या ४० अंशांवरच्या उन्हाळ्यात ती बंद मोटारीत ठेवू नये. तिसरे साधन मोबाइललाही लागेल असा पेन ड्राइव्ह. त्यावर इंटरनेटशिवाय नक्कल घेता येते. ज्यांना इतिवृत्त लिहावे लागते त्यांनी घडीचा कीबोर्ड घ्यावा, मात्र आपल्या मोबाइलवर त्याने देवनागरी उमटते का, ते आधी पाहावे. इन्स्क्रिप्ट या सरकारमान्य मांडणीत मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ एकाच कळीवर येतात. एक लिपी शिकली की दुसरी अर्धी शिकून होते. सीमाभागातील तरुणांनी ही विद्या अवश्य हस्तगत करावी. पावत्यांसाठी लहान छापयंत्र मिळते, पण त्याचा कागद उष्णतेने छापणारा असल्याने अक्षरे काही काळाने पुसट होतात. म्हणून देणगीची स्थळप्रत वहीतच असावी.

बिदरमध्ये महमूद गवान यांनी १४७२ साली मदरसा बांधला. तेथे हजारो हस्तलिखिते होती असे सांगतात. १६९६ साली दारूच्या स्फोटाने त्या वास्तूचा मोठा भाग ढासळला. इमारतीचे अवशेष आपण आज पाहतो, पण ते ग्रंथ तेथे नाहीत. एकाच जागी ठेवलेली विद्या किती असुरक्षित असते, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला नको.

तेव्हा न्यासाने एक साधा नियम करावा. प्रत्येक यादीच्या तीन प्रती असाव्यात : एक कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये, दुसरी कचेरीच्या कपाटातील पेन ड्राइव्हवर आणि तिसरी कागदावर. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात. चिटणीस बदलले तर नव्या चिटणिसांच्या हाती किल्लीबरोबर याद्याही पडाव्यात. सिम्प्युटर बाजारातून गेला, पण यंत्र सर्वांचे आणि नोंद जपून ठेवलेली, हा त्याचा विचार आपल्या संस्थेला आजही उपयोगी पडणारा आहे. त्याला फारसा खर्च नाही, केवळ शिस्त हवी.